थायरॉइडची साधी गाठ: कापायची, जाळायची की नुसती बघत राहायची?

सांजवेळ (सोमवार, रात्री ९:४०)

मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते. आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मान अवघडली म्हणून दोन महिन्यांपूर्वी तपासण्या केल्या. मानेत काही निघालं नाही, पण त्या भानगडीत थायरॉइडच्या उजव्या बाजूला गाठ सापडली. सोनोग्राफीत ३.८ × २.६ × २.४ सेंमी. मग सुई घालून पेशी तपासल्या (एफएनएसी). रिपोर्टवर ‘बेथेस्डा २’, म्हणजे साधी, कर्करोगाची नाही. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) नॉर्मल.

आता पंचाईत अशी की सर्जन म्हणतात, थायरॉइडचा उजवा भाग काढून टाकू, कटकट मिटेल. दुसरे एक डॉक्टर म्हणतात, कापता कशाला, सुईने आतल्या आत जाळता येते, संध्याकाळी घरी. त्याला आरएफए म्हणतात म्हणे. घरात लगेच दोन तट पडले. नवरा कापवाला, लेक चार व्हिडिओ बघून सुईवाली. माझं मत अजून कोणी विचारलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते नाहीये.

कोणी करून घेतलंय का? दुखतं का? गाठ परत येते का? आणि हो, गाठ आहे हे कळल्यापासून मला गिळताना सारखं काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय.

उंटावरचा_शहाणा (सोमवार, रात्री ९:४६)

सर्जन आणि रेडिऑलॉजिस्ट समोरासमोर. गाठ पडली ठकाठका!

(ताई, हलके घ्या. जाणकार येतीलच.)

जुनाखोड (सोमवार, रात्री १०:१५)

माझं ऑपरेशन होऊन २२ वर्षं झाली. डावा भाग काढला. गळ्यावर व्रण आहे, तो आता सुरकुत्यांमध्ये बेमालूम मिसळला. आवाज शाबूत, डोक्याला ताप नाही.

सुई, लेझर ही नवी खुळं आहेत. गाठ काढली की ती अख्खी प्रयोगशाळेत जाते आणि नेमकी काय होती ते कळतं. माझ्यासुद्धा सुईच्या रिपोर्टमध्ये साधी होती. कापल्यावर शेजारच्या भागात दोन मिलिमीटरचा कर्करोग निघाला. जाळून टाकली असती तर कळलं असतं का? तुमचे मिस्टर बरोबर बोलताहेत. आणि चार सेंटिमीटरला आली की काढायचीच असते.

नीलपाखरू (सोमवार, रात्री ११:०२)

सांजवेळ, मी आरएफए करून घेतलंय. पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. सविस्तर लिहिते, कारण मला तेव्हा असं लिहिणारं कोणी भेटलं नव्हतं.

माझी गाठ बाहेरून दिसायची. समोरचा माणूस बोलताना डोळ्यांकडे न बघता गळ्याकडे बघायचा. उताणं झोपलं की दडपल्यासारखं व्हायचं. आधी दोनदा सुईची तपासणी झाली, दोन्ही वेळा साधी. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी स्वरतंतू हलतात का ते दुर्बिणीतून पाहून ठेवलं. रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे का, हे तर तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारलं.

प्रत्यक्षात मान मागे टाकून झोपवलं आणि दोन्ही मांड्यांवर चिकट पट्ट्या लावल्या. करंट शरीरातून बाहेर पडायला वाट लागते, त्यासाठी. पूर्ण भूल नाही, गळ्याची जागा तेवढी बधिर केली. ते इंजेक्शन सगळ्यात जास्त दुखलं. मग मधून सुई आत. सोनोग्राफीचा पडदा मला दिसत होता. सुईच्या टोकाशी पांढरे बुडबुडे उठायचे, की डॉक्टर सुई जराशी मागे घ्यायचे, पुन्हा बुडबुडे, पुन्हा मागे. मधेच कानात आणि दाढेत कळ गेली. हात वर केला, ते थांबले, कळ गेली. दर थोड्या वेळाने ‘नाव सांगा’, ‘दहापर्यंत मोजा’. मला वाटलं धीर देताहेत. नंतर कळलं की आवाज तपासत होते.

चाळीस मिनिटांत आटपलं. गळ्यावर सुईच्या टोकाएवढी खूण. दोन दिवस गिळताना दुखलं, आठवडाभर गळा सुजलेला. आणि गाठ? दुसऱ्या दिवशी होती तेवढीच! हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं, रडायची वेळ आली होती. जळलेल्या पेशी शरीर हळूहळू साफ करतं. तीन महिन्यांनी फरक दिसू लागला, वर्षाने गळा सपाट. गाठ आत आहेच, पण छोटी, वाळल्यासारखी.

भोचकभवानी (मंगळवार, सकाळी ७:३०)

नीलपाखरू, मस्त लिहिलंय. वाचनखूण साठवली.

थायरॉइडची गोळी घेऊन गाठ विरघळत नाही का? माझ्या आत्येसासूबाई वर्षानुवर्षं घेतात.

डॉ_पडदानशीन (मंगळवार, दुपारी २:२०)

सोनोग्राफीच्या पडद्यामागे बसणं हाच माझा धंदा, म्हणून हे नाव. सांजवेळ यांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, तेव्हा त्यांनी काय करावं हे सांगणार नाही.

@भोचकभवानी, टीएसएच दाबून गाठ लहान करायला पूर्वी गोळी देत. फायदा तुटपुंजा, आणि त्या बदल्यात हृदयाची धडधड आणि हाडांची झीज. आता या कारणासाठी देत नाहीत. आत्येसासूबाईंना थायरॉइड कमी पडत असेल, तर गोष्ट वेगळी. त्यांची गोळी कोणी बंद करू नका!

@जुनाखोड, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. सुईत साधी निघालेली गाठ प्रत्यक्षात कर्करोगाची असण्याची शक्यता फार थोडी असते, पण शून्य नसते. जाळल्यावर तपासायला तुकडा हातात उरत नाही, म्हणून तर आधी दोनदा सुई घालायची पद्धत आहे. गाठ दिसायलाच अगदी निरुपद्रवी असेल तर एकदाही चालते. पण दोन मिलिमीटरचा जो कर्करोग तुमच्याकडे निघाला, तसे बारके कर्करोग दुसऱ्याच कारणांनी वारलेल्या माणसांच्या शवविच्छेदनातही सापडतात. आयुष्यभर गप्प बसलेले असतात. तो सापडल्याने तुमचा जीव वाचला की नुसताच घोर लागला, हे सांगणं अवघड आहे.

चार सेंमीचं म्हणाल, तर नुसत्या आकारावरून कापायचं दिवस मागे पडताहेत. त्रास किती, वाढ किती, पडद्यावर कशी दिसते, हे सगळं बघतात.

आणि ही कालची खुळं नाहीत. गाठीत अल्कोहोल सोडण्याचे पहिले प्रयोग १९९० सालचे, लेझर इटलीत २००० साली, आरएफएचा पहिला अहवाल कोरियातून २००६ साली. युरोपातल्या थायरॉइड संघटनेने २०२० मध्ये यावर स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली.

जुनाखोड (मंगळवार, दुपारी ३:०५)

घोर लागला होता हे खरं. पाच वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी. तेवढं सोडून बाकी मत कायम.

षड्जपंचम (मंगळवार, संध्याकाळी ६:५०)

मी गाणं शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीला अशीच गाठ आहे, त्यामुळे धागा जीव मुठीत धरून वाचतेय. आवाजाची नस नेमकी कुठे असते? सुई इतकी जवळून जाते तर ती जळत नाही?

डॉ_पडदानशीन (मंगळवार, रात्री ९:१०)

प्रश्न अगदी मर्मावर आहे. स्वरतंतू हलवणारी नस थायरॉइडच्या मागच्या बाजूने, श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या बेचक्यातून वर येते. जाळणारे त्या जागेला ‘धोक्याचा त्रिकोण’च म्हणतात. म्हणून सुई गळ्याच्या मध्यातून, थायरॉइडच्या दोन भागांना जोडणाऱ्या पट्टीतून आडवी घालतात. त्याने दोन गोष्टी साधतात. सुईचा पूर्ण मार्ग पडद्यावर दिसतो आणि टोक त्या त्रिकोणापासून लांब ठेवता येतं. शिवाय उष्ण पाणी सुईच्या वाटेने बाहेर झिरपत नाही.

नीलपाखरू यांनी सुई मागे मागे घेण्याचं लिहिलं ते तंत्र कोरियन डॉक्टरांचं. यकृतात सुई एका जागी रोवून गोळा जाळतात. गळ्यात तेवढी ऐसपैस जागा नाही. म्हणून गाठीचे मनातल्या मनात छोटे छोटे कप्पे करायचे, आधी खोलचे जाळायचे, मग वर सरकायचं. सुईचं उघडं टोक सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी, आणि सुईच्या आतून थंड पाणी फिरत असतं. नसेजवळची कडा फारच चिकटलेली असेल तर मधे थंड ग्लुकोजचं पाणी सोडून फट तयार करतात. सलाइन नाही, कारण मिठाच्या पाण्यातून करंट वाहतो.

इतकं करूनही मोठ्या केंद्रांच्या आकडेवारीत शंभरात एकाच्या आसपास माणसांचा आवाज बदलतो. बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो. ऑपरेशनमध्येही अनुभवी हातांत नसेला कायमची इजा साधारण एका टक्क्याच्या घरात. त्यामुळे ‘सुई सुरक्षित, सुरी घातक’ असं सरळ समीकरण नाही. मोठा फरक दुसरीकडे आहे. अर्धी ग्रंथी काढली की पाचातल्या साधारण एकाला पुढे थायरॉइड कमी पडतं. जाळल्यावर असं क्वचितच होतं, कारण बाजूची चांगली ग्रंथी जागेवर असते.

गाणारीच्या बाबतीत मी पहिला प्रश्न विचारेन, हात कोणाचा? त्या डॉक्टरांनी आतापर्यंत किती केल्या?

षड्जपंचम (मंगळवार, रात्री ९:२५)

खूप आभार. शेवटचा प्रश्न विचारायला तिला जड जाईल. मीच सोबत जाईन.

रात्रपाळी (बुधवार, पहाटे ४:१०)

कोणी विचारलं नाही, तरी माझा अनुभव. माझ्या गाठीत जवळजवळ सगळं पाणीच होतं. सिरिंजने काढलं, गळा सपाट, मी खूश. सहा आठवड्यांत पुन्हा भरली. पुन्हा काढलं, पुन्हा भरली. तिसऱ्या वेळी पाणी काढून आत अल्कोहोल सोडलं. ९५ टक्क्यांच्या वरचं असतं म्हणे. आतलं अस्तर त्याने सुकतं आणि पाणी बनवणारेच संपतात. थोडं बाहेर झिरपलं तेव्हा चांगलंच झोंबलं, पाच मिनिटं. पुढे गाठ सुरकुतली.

उंटावरचा_शहाणा (बुधवार, सकाळी ८:००)

म्हणजे बाईंनी पोटात थेंब न घेता गळ्यापर्यंत घेतली! रात्रपाळी, तुमच्या गाठीचं नशीब.

डॉ_पडदानशीन (बुधवार, सकाळी ११:४५)

विनोद राहू द्या, पाण्याच्या गाठीला अल्कोहोल हाच पहिला उपाय. तिथे आरएफएची तोफ लागत नाही. भरीव गाठीला मात्र आरएफए किंवा लेझर. मायक्रोवेव्हही वापरतात. सुईच न टोचता बाहेरून अल्ट्रासाउंडच्या लहरी एकवटून जाळण्याची पद्धतही आहे, पण तिला गाठ सोयीच्या जागी असावी लागते. आणि गाठ छातीच्या हाडामागे उतरलेली असेल तर ती सोनोग्राफीत पूर्ण दिसत नाही. जे दिसत नाही ते जाळायचं नाही. तिथे सर्जनच.

शून्यमनस्क (बुधवार, दुपारी १:१५)

माझी गाठ उद्योगी होती, स्वतःच हार्मोन बनवायची. त्यामुळे टीएसएच तळाला, हात थरथरायचे. मला किरणोत्सारी आयोडीन किंवा आरएफए असे पर्याय दिले. गाठ लहान होती म्हणून आरएफए घेतलं, टीएसएच वर आला. मोठी असती तर अशा गाठीत हमी कमी असते, असं सांगितलं होतं. थोडीशी जिवंत राहिली तरी ती काम चालू ठेवते.

भोचकभवानी (बुधवार, दुपारी १:४०)

माझा पण टीएसएच मागच्या महिन्यात एकदम कमी आला! मला काहीच त्रास नाही. गाठ असेल का?

शून्यमनस्क (बुधवार, दुपारी १:५५)

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता का?

भोचकभवानी (बुधवार, दुपारी १:५८)

तुम्हाला कसं कळलं???

शून्यमनस्क (बुधवार, दुपारी २:१०)

माझ्या बायकोचा घोटाळा तोच होता. बऱ्याच लॅबमधल्या तपासणीत बायोटिनच रसायन म्हणून वापरतात. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी३, टी४ (थायरॉइडची स्वतःची हार्मोनं) खोटे जास्त दिसू शकतात. डॉक्टरांना सांगा, दोन-तीन दिवस गोळी बंद ठेवून पुन्हा तपासा.

उंटावरचा_शहाणा (बुधवार, दुपारी २:३०)

धागा गाठीवरून केसावर आला. गुंता होणारच होता.

आकडेमोड (बुधवार, रात्री १०:२०)

मूळ प्रश्नाकडे. ‘गाठ ५० टक्के कमी होते’ असं सगळीकडे वाचाल. लोक समजतात ३.८ ची १.९ होणार. तसं नाही. टक्के आकारमानाचे असतात.

गाठीचं आकारमान = लांबी × रुंदी × जाडी × ०.५२. सांजवेळ यांची साधारण १२.३ मिली. निम्मी झाली की ६.२ मिली. पण तिन्ही बाजूंनी सारखी आटली तर लांबी ३.८ वरून फक्त ३.० होते! रिपोर्टमध्ये ‘३.० सेंमी’ वाचून लोक कपाळावर हात मारतात की एवढं सोसून आठ मिलिमीटर? प्रत्यक्षात अर्धी गाठ गेलेली असते. ८० टक्के गेली तरी लांबी २.२ च्या आसपास उरते.

वाढीचाही हिशोब आकारमानानेच करायचा. एकाच बाजूने दोन-तीन मिलिमीटर वाढली म्हणून लगेच घाबरायचं नाही.

नीलपाखरू (गुरुवार, सकाळी ९:१५)

@आकडेमोड, हे दोन वर्षांपूर्वी का नाही भेटलात!

परत येण्याबद्दल राहिलं होतं. कडेला न जळलेला भाग राहिला तर तीन-चार वर्षांनी तो पुन्हा वाढू शकतो, काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं. गाठ खूप मोठी असेल तर मुळातच दोन बैठका लागू शकतात. हे मान्य करूनच मी केलं.

आणि एक भयकथा. मागच्या वर्षी दुसरीकडे सोनोग्राफी केली, जाळल्याचं सांगायला विसरले. रिपोर्ट आला: काळी, वेडीवाकडी, ‘कर्करोगाचा दाट संशय’. रात्रभर झोप नाही. जळलेली गाठ पडद्यावर अशीच दिसते म्हणे! तेव्हा जुने फोटो आणि कागद फाइलला लावूनच जा, आणि तोंडानेही सांगा.

डॉ_पडदानशीन (गुरुवार, दुपारी १२:३०)

+१००. आमच्यातलेही फसतात.

सांजवेळ, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. गाठ सापडण्याआधी, म्हणजे मान अवघडण्याच्याही आधी, गिळताना काही होत होतं का?

सांजवेळ (रविवार, रात्री ८:५०)

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मधे घाबरण्यात वेळ गेला. दुसऱ्या ठिकाणी सोनोग्राफी केली, तिथे ४.१ × २.५ × २.४. चार ओलांडले! जुनाखोड काकांचं वाक्य आठवलं आणि पाय गार पडले. रात्री आकडेमोड यांचं सूत्र लावलं. १२.८ मिली. म्हणजे जवळपास तेवढीच?

आकडेमोड (रविवार, रात्री ९:०५)

तेवढीच. ०.५ मिलीचा फरक आहे. मशीन वेगळं, हात वेगळा, मान किती मागे टाकली ते वेगळं. एवढं इकडेतिकडे होणारच.

सांजवेळ (रविवार, रात्री ९:३०)

आता डॉक्टरांचा प्रश्न. प्रामाणिकपणे सांगायचं तर आधी गिळताना काहीही होत नव्हतं. गळ्यावर बाहेरून दिसत नाही, लेकीला बोट ठेवून दाखवावं लागलं. गाठ उजवीकडे आहे आणि मला अडकल्यासारखं वाटतं ते बरोबर मध्ये, तेही थुंकी गिळताना. घास घेताना नाही. हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

डॉ_पडदानशीन (रविवार, रात्री १०:१०)

हसू नका, ‘गाठ’ हा शब्द ऐकल्यावर बऱ्याच लोकांना हेच होतं. घास सहज उतरतो आणि नुसती थुंकी अडकते, हे गाठीच्या दाबाचं लक्षण सहसा नसतं. तरी तुमच्या डॉक्टरांना हेच शब्द जसेच्या तसे सांगा आणि श्वासनलिका सरकली आहे का ते विचारा. साध्या गाठीवरचे हे सगळे उपाय ज्यांना तिचा त्रास होतो त्यांच्यासाठी आहेत. त्रास नसेल, तर कापायचं की जाळायचं हा प्रश्न मुळात आलाय का, ते आधी बघायचं.

जुनाखोड (सोमवार, सकाळी ६:४५)

हे मला २२ वर्षांपूर्वी कोणी विचारलं नव्हतं. मलाही तेव्हा काही होत नव्हतं.

सांजवेळ (सात आठवड्यांनी, शनिवार, संध्याकाळी ७:१५)

धागा वर काढतेय. दुसऱ्यांदा सुई झाली, पुन्हा बेथेस्डा २. श्वासनलिका सरळ आहे. सर्जनना मी थुंकीचं सांगितलं, त्यांनी दोन मिनिटं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, मग घाई नाही, वर्षाने सोनोग्राफी करू. सुईवाल्या डॉक्टरांकडेही गेले. तेही तेच म्हणाले, वाढली किंवा टोचायला लागली तर या. दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

नवरा आणि लेक दोघेही हिरमुसलेत. गिळताना अडकायचं बंद झालंय, नेमकं कधी ते लक्षात नाही.

भोचकभवानी (शनिवार, संध्याकाळी ७:४०)

छान झालं! आणि माझा टीएसएच गोळ्या थांबवल्यावर नॉर्मल आला. केस मात्र परत गळायला लागलेत.

उंटावरचा_शहाणा (शनिवार, संध्याकाळी ७:४२)

केसांचा धागा वेगळा काढा. हा वर्षाने वर येईल, मापं टाकायला विसरू नका.